एका लढाऊ विमानाची प्रतिकृती



या व्यासपीठावरून गेले काही दिवस विद्वानांची व्याख्याने झाली. आज मंडळाच्या चिटणिसांनी एका कामगार कार्यकर्त्याला उभे केले आहे आणि विषय दिला आहे विमानाचा. माझी शाळा आठवीत सुटली. पुढे जे शिकलो ते युनियनच्या कचेरीतील कपाटातून, कोर्टाच्या निकालपत्रांतून आणि गेट-मीटिंगमध्ये लोकांच्या शिव्या खाऊन. विमानात मी आयुष्यात तीन वेळा बसलो आहे. तेव्हा विमानविद्येवर मी काही सांगेन ही अपेक्षा कृपया ठेवू नये. हे जे टेबलावर ठेवले आहे, तेवढ्यापुरतेच मी बोलणार आहे.

ही 'हॉकर हरिकेन' या विमानाची एक-षष्ठांश प्रतिकृती. मूळ विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत 40 फूट, याचे सहा फूट आठ इंच. वजन पावणेआठ किलो. पुढे पेट्रोलवर चालणारे लहान टू-स्ट्रोक इंजिन आहे आणि जमिनीवरून रेडिओने ते चालवता येते. याला अडीच वर्षांचे रविवार लागले. माझ्या पत्नीचे म्हणणे, संपांनी घरातले एवढे दिवस कधी घेतले नाहीत.

सुरुवात अशी झाली. आपल्या कोल्हापुरात ओतकामाचे कारखाने आहेत, तशा एका कारखान्यात अण्णा पॅटर्नमेकर होते. जो भाग ओतावयाचा त्याचा लाकडी नमुना करणारा तो पॅटर्नमेकर. कारखाना बंद पडला, देणी अडकली, दावा अजून चालू आहे. त्या दाव्याच्या कागदांवर सही घ्यावयास मी त्यांच्या घरी गेलो, तर जमिनीवर भलामोठा नकाशा पसरून म्हातारा त्यावर ओणवा झालेला. नातवासाठी विमान करावयाचे मनात होते, पण दृष्टी मंदावलेली. मला म्हणाले, "भाऊ, डोळं माझं ऱ्हायलं न्हाईत. हात तुमचं रिकामंच असत्यात. बसा." बोलणाऱ्या माणसाचे हात रिकामे असतात, हे मला तोवर कोणी तोंडावर सांगितले नव्हते.

हरिकेनच का, असे विचाराल. या विमानाचा आराखडा सिडनी कॅम या माणसाचा. तो इंग्लंडमधल्या विंडसर गावच्या एका सुताराचा मुलगा. स्वतः सुतारकाम शिकला आणि पोरवयात विमानांच्या प्रतिकृती करून विकत असे. त्याचे हरिकेन 6 नोव्हेंबर 1935 रोजी पहिल्यांदा उडाले. त्या काळी नवी विमाने सबंध धातूच्या पत्र्याची होऊ लागली होती; कॅमने मात्र कारखान्यातील कारागिरांना जे येत होते ते धरून ठेवले. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी कडी आणि लांब पट्ट्या, आणि त्यावर ताणून बसवलेले कापड. पहिल्या हरिकेनांचे पंखदेखील कापडाचेच होते, धातूचे पंख नंतर आले. म्हणूनच ते लौकर बांधता येई आणि गोळ्यांनी चाळण झाली तरी लौकर दुरुस्त होई. 1940 च्या ब्रिटनवरील हवाई युद्धात कौतुक झाले स्पिटफायरचे, पण लढणाऱ्यांत संख्या हरिकेनांची जास्त होती. आपल्या हवाई दलानेही ते वापरले. 1944 साली इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांच्या हाताखालची एक नंबरची स्क्वाड्रन हरिकेनच उडवीत होती. दिल्लीला पालमच्या संग्रहालयात त्यातले एक उभे आहे. बैठकीला गेलो असता ते पाहून आलो.

आता बांधणी. पंखाच्या आत बरगड्या असतात. बाल्सा नावाच्या, कापसासारख्या हलक्या लाकडाच्या पातळ फळीतून एकेक बरगडी कापावयाची, घासावयाची आणि लांब दांड्यावर ओवून चिकटवावयाची. माझा डावा पंख पावसाळ्यात चिकटवला गेला. रात्रभर वजने ठेवावयाची ती मी दोन तासांत काढली, कारण सकाळी मीटिंग होती. रविवारी पाहतो तो पंखाला पीळ. फार नव्हे, टोकाशी दोन-तीन मिलिमीटर. मी म्हटले, "अण्णा, एवढ्याने काय होतंय? चालवून घेऊ." अण्णांनी पंखावरून बोटे फिरवली. त्यांना दिसत नव्हते, पण बोटांना कळले. म्हणाले, "तडजोड तुमच्या टेबलावर चालती, भाऊ. पंखाला चालत न्हाई." तो पंख मी मोडला. डोळ्यांत पाणी आले, हे येथे कबूल करतो.

वजनाचा हिशेब मला सर्वांत गोड वाटला, म्हणून थोडा थांबतो. लांबी सहापट कमी केली की पंखाचे क्षेत्रफळ छत्तीसपट कमी होते आणि वजन दोनशे सोळापट. भरलेले हरिकेन सुमारे तीन टनांचे. त्या हिशेबाने हे विमान चौदा किलोचे व्हावे. पण लाकूड आणि कापड एवढे हलके, की ते निम्म्यावर आले. मूळ विमानात पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सव्वाशे किलोचा भार पडे, येथे बाराच किलो. म्हणून हे सावकाश उडू शकते आणि म्हणूनच वाऱ्याला घाबरते. मात्र तोल काटेकोर पाहिजे. शेपटीकडे एक ग्रॅम वाढला की नाकात दोन-अडीच ग्रॅम शिसे कोंबावे लागते. अण्णा शेपटीची पट्टी न् पट्टी तासून घेत. सुकाणू हलवणाऱ्या लहान मोटारी, बॅटरी, रेडिओ, हे सारे बाजारात तयार मिळते. त्यात मोठेपणा नाही.

कापड ताणून त्यावर डोप नावाचा रोगण लावताना हातांना काम असते, डोके रिकामे. तेव्हा मी वाचू लागलो की मूळ विमान कोणी बांधले. एकूण चौदा हजारांहून अधिक हरिकेने झाली. त्यांपैकी चौदाशेहून अधिक कॅनडात, फोर्ट विल्यमच्या कारखान्यात झाली आणि तेथली मुख्य अभियंता होती एल्सी मॅकगिल नावाची बाई, पोलिओमुळे काठी घेऊन चालणारी. कामगारांतही बायका पुष्कळ.

आणि मग हिलिंग्टन सापडले. ग्लासगोजवळच्या या कारखान्यात हरिकेनला लागणारी मर्लिन इंजिने होत. युद्धामुळे यंत्रांवर बायका आल्या होत्या. 1940 चा करार असा, की पुरुषाचे काम बाई 32 आठवड्यांनंतर जादा देखरेखीवाचून व मदतीवाचून करू लागली, तर तिला पूर्ण दर द्यावा. करार वाचताच माझ्यासारख्याला हसू येते. 'देखरेखीवाचून' हा एक शब्द मालकाला पुरे. यंत्र लावून द्यायला एक पुरुष उभा केला, की झाली देखरेख! आणि आम्ही संघटनावाले तरी काय धुतल्या तांदळाचे? इंजिनियरिंग कामगारांच्या मोठ्या युनियनने बायकांना सभासद करून घेतले ते 1943 सालच्या जानेवारीत, युद्ध तीन वर्षे चालल्यावर. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर हिलिंग्टनच्या हजारो बायका बाहेर पडल्या, आणि पुरुषही त्यांच्याबरोबर आले. पुढाऱ्यांनी आणलेली तडजोड त्यांना मान्य नव्हती. शेवटी ठरले ते असे, की कारखान्यातील एकेका यंत्राचे नाव लिहून त्यापुढे दर लिहावा. त्या यंत्राशी कोण उभे आहे, बाई की बाप्या, हे पाहावयाचे नाही.

हे वाचले आणि माझा ब्रश थांबला. 2009 साली मी एका फाउंड्रीत करार केला होता. ओतकामात पोकळ भागासाठी वाळूचा गाभा करतात, त्याला कोअर म्हणतात. तो कोअर बावीस बायका करीत. करारात 'कोअर मेकर' असा रकाना होता, पण या बावीसजणी 'हेल्पर'च्या रकान्यात होत्या. महिन्याला बाराशे रुपयांचा फरक. 1976 चा समान वेतनाचा कायदा मला तोंडपाठ होता. एकीने विचारलेही, "भाऊ, आमचं नाव असं का?" मी म्हटले, पुढच्या कराराला बघू. बोनसचा प्रश्न अडला होता, तो सोडवून घेण्यासाठी मी ते सोडले. त्यानंतर तीन करार झाले. विचारणारी बाई निवृत्त झाली ती हेल्पर म्हणूनच, आणि तिची ग्रॅच्युइटीही त्याच दराने निघाली. मी तिच्या घरी जाऊन आलो. तिने चहा केला. "आता कशाला, भाऊ?" एवढेच म्हणाली.

या वेळच्या मागणीपत्रात आम्ही कोअर शॉपमधले एकेक काम नावानिशी लिहून त्यापुढे दर मागितला आहे. पहिली बैठक झाली. व्यवस्थापनाचे म्हणणे, बायकांचे काम 'हलके' आहे. त्यांतले मोठे कोअर बारा-चौदा किलोंचे असतात. हे विमान दोनदा उचलल्याएवढे.

उड्डाणाचे सांगावयाचे राहिले. गेल्या महिन्यात, रीतसर परवानगी घेऊन, पठारावर एका सकाळी ते उडवले. उडवले ते मी नव्हे. त्यातल्या जाणत्या एका पोराच्या हाती रेडिओ दिला. साठ-सत्तर पावलांत ते जमिनीवरून सुटले. अण्णांना खुर्चीवर बसवले होते. त्यांना आभाळात काही दिसत नव्हते, ते मान कलती करून ऐकत होते. "आवाज सरळ हाय," म्हणाले. सहा मिनिटांनी खाली आणले. हरिकेनची चाके एकमेकांपासून लांब असतात, त्यामुळे ते सहसा कलंडत नाही, पण शेवटी एका धोंड्याने दगा दिला आणि डाव्या पंखाचे टोक घासले. तोच पंख.

विमान येथेच ठेवले आहे. सभा संपल्यावर मुलांनी जवळ येऊन खुशाल पाहावे. डाव्या टोकाला मात्र हात लावू नये. डोप आज दुपारीच दिला आहे, अजून ओला आहे.