चांद्याच्या वेशीत

१९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास मराठवाडा सोडून जिवतीच्या डोंगरावर जी कुटुंबे स्थिरावली, त्यांतलेच आम्ही. चंद्रपूर (आमच्या तोंडी अजून चांदाच) पाहावयास आम्ही चौघे सोबती प्रथम खाली उतरलो, तो गोंड राजांच्या परकोटासाठी. जटपुरा दरवाज्यावरचा, हत्तीला नमविणारा सिंह माना वर करकरून पाहिला. पठाणपुरा, बिनबा, अचलेश्वर हे दरवाजेही पायीच हिंडलो. पाय भरून आले, हे कबूल!

महाकालीपाशी चैत्राची यात्रा भरली होती. झरपट नदीकाठी नांदेड-परभणीकडची माणसे चुली मांडून बसलेली. एका म्हातारीने विचारले, “कुठले म्हणायचे, बापू?” गावाचे नाव सांगावे की जिवतीचे, यावर आम्हा चौघांचे एकमत होईना.

“बरं, भाकर खाऊन तर जा,” ती म्हणाली.