मालगाडीचाही एक फोटो



आमच्या मिरजोळ्याला एमआयडीसी आहे, विमानतळ आहे आणि कोल्हापूर रस्त्याला लागलात की थोड्याच अंतरावर रत्नागिरीचे रेल्वे स्टेशन. विमानतळावर तटरक्षक दलाचा तळ आहे, तेव्हा त्या बाजूला कॅमेरा धरायचा नाही हे इथल्या सगळ्यांना माहीत असते. स्टेशनवर मात्र प्लॅटफॉर्म तिकीट काढून, स्टेशन मास्तरांना आधी सांगून, आपण निवांत उभे राहू शकतो. मार्गशीर्षातला एक अख्खा दिवस मी असा गाड्यांचे फोटो काढण्यात घालवला. त्या दिवसाविषयी आज बोलायचे आहे, आणि त्यातही मालगाडीविषयी जरा जास्त. कारण प्रवासी गाडीचा फोटो कोणीतरी काढतेच. वंदे भारत आली की प्लॅटफॉर्मवर दहा मोबाईल वर होतात. बाजूच्या लाईनवर तासभर उभ्या असलेल्या मालगाडीकडे कोणी मान वळवूनही बघत नाही.

ती तिथे का उभी असते, हे आधी सांगतो. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत कोकण रेल्वेची लांबी ७४१ किलोमीटर. त्यातला रोहा ते वीर एवढा तुकडा दुपदरी झाला, बाकी जवळपास सगळा मार्ग एकेरी आहे. समोरून येणारी आणि मागून येणारी गाडी एकाच रुळावर, म्हणून स्टेशनात क्रॉसिंग करावेच लागते. एक गाडी बाजूच्या लूप लाईनला घ्यायची, दुसरी मेन लाईनने काढायची. आधी मान राजधानीचा, वंदे भारतचा, मग एक्स्प्रेस गाड्यांचा, मग पॅसेंजरचा. मालगाडी सगळ्यात शेवटी. दिवा पॅसेंजरने गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्याला हे क्रॉसिंग चांगले ठाऊक आहे. कुठल्याशा लहान स्टेशनात गाडी थांबते आणि खिडकीतून कोणीतरी म्हणतेच, 'आता हिला पुढे काढणार, मग आपल्याला सिग्नल.'

फोटो काढणाऱ्याला मात्र हे थांबणे फार उपयोगी. धावत्या एक्स्प्रेसचा फोटो एका क्षणाचा धंदा. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवले तर इंजिन जागच्या जागी गोठते. साठाव्या भागावर आणून गाडीबरोबर कमरेतून वळत गेलात तर इंजिन स्वच्छ येते आणि मागची झाडे पुसट पळताना दिसतात. दोन्ही जमायला सराव लागतो, पण त्या घाईत गाडी बघायची राहूनच जाते. मालगाडी तुम्हाला वेळ देते.

पहाटे अंधार असतानाच मी पोचलो. मार्गशीर्षात आमच्या सड्यावरचे गवत वाळून पिवळे पडलेले असते, हवा स्वच्छ असते आणि खालच्या खोऱ्यात धुके साचलेले असते. कोकणकन्या येऊन गेली. मुंबईहून रात्रभर आलेली माणसे, डोक्यावर बोजा, हातात झोपलेली मुले, आणि बाहेर रिक्षावाल्यांचा गलका. तुतारीही आली. उजाडल्यावर उन्हाची पहिली तिरीप इंजिनाच्या कपाळावर पडते ती वेळ फार थोडी असते. सूर्य वर चढला की डब्यांच्या टपाचीच सावली खिडक्यांवर पडते आणि गाडी काळवंडते. म्हणून सकाळी आणि संध्याकाळी गाडी, आणि भर दुपारी माणसे, असा माझा शिरस्ता आहे.

सकाळी उन्हे वर आल्यावर लूपला रोरो लागलेली होती. श्रोतेहो, ही गाडी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सपाट वाघिणी, आणि त्यांच्यावर एकामागे एक उभे केलेले भरलेले ट्रक. चाकांना ओट लावलेले, साखळ्या आवळलेल्या. ट्रकचा चालक आणि क्लीनर आपापल्या केबिनमध्येच बसून प्रवास करतात. कोकण रेल्वेने ही सेवा २६ जानेवारी १९९९ रोजी कोलाड ते गोव्यातल्या वेर्णापर्यंत सुरू केली, पुढे ती मंगळुरूजवळच्या सुरतकलपर्यंत गेली. एकेका ट्रकचे डिझेल वाचते, टायर वाचतात, आणि महामार्गावरून तेवढे ट्रक कमी होतात. मुंबई–गोवा महामार्गावर ज्यांनी रात्री गाडी हाकली आहे त्यांना हे वेगळे पटवून द्यायला नको.

एका केबिनच्या दारात पाय सोडून एक चालक दात घासत बसला होता. नंबरावरून गाडी सांगलीकडची वाटली म्हणून प्लॅटफॉर्मवरूनच विचारले, ''दादा, झोप लागते का रात्री?''

''लागत्ये की,'' तो म्हणाला. ''कशेडी घाट, भोस्ते, परशुराम... क्लच दाबून दाबून पाय भरून यायचा. हितं तंगड्या पसरून झोपतो. फकस्त थांबती लई.''

फोटो काढू का विचारले तर त्याने आधी चूळ भरली, शर्टाची बटणे लावली, केसांवरून हात फिरवला आणि स्टिअरिंगवर जाऊन बसला. उभ्या गाडीत, वाघिणीवर चढवलेल्या ट्रकात, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून. मला तो फोटो फार मोलाचा वाटतो. कोकण रेल्वेने माल कसा हलवला हे उद्या कोणाला समजून घ्यायचे असेल, तर त्याच्या चेहऱ्यावरून कळेल.

रोरोला सिग्नल मिळाला आणि ती गेली. तिच्यामागून थोड्या वेळाने बंद वाघिणींची मालगाडी आली. वाघिणीच्या बाजूला पांढऱ्या रंगात अकरा आकडी नंबर असतो, तो मी नेहमी नीट टिपून घेतो. पहिले दोन आकडे वाघिणीचा प्रकार सांगतात, पुढचे दोन ती कुठल्या रेल्वेच्या मालकीची ते, त्यापुढचे दोन ती कुठल्या वर्षी बांधली ते. मग चार आकडे तिचा स्वतःचा क्रमांक, आणि शेवटचा आकडा आधीचे दहा बरोबर लिहिलेत की नाही हे तपासण्यासाठी. म्हणजे कोळसा किंवा धान्य वाहून वाहून रंग उडालेली वाघीण बंगालच्या बाजूची असेल, तर तेही आपल्याला रत्नागिरीत उभ्याउभ्या वाचता येते. फोटो काढणाऱ्यांनो, इंजिनाबरोबर एखाद्या वाघिणीचा नंबरही स्पष्ट येऊ द्या. त्या नंबरातच तिची जन्मकुंडली आहे.

आणि शेवटचा डबा सोडू नका. गाडीच्या शेपटाला 'एलव्ही' अशी पाटी असते, रात्री लाल दिवा असतो. गाडी स्टेशनातून जाताना कर्मचारी हातात हिरवा झेंडा घेऊन उभे असतात, ते ही खूण दिसते का हे बघतात. ती दिसली म्हणजे गाडी अख्खी आली, मागे कुठे डबे सुटून राहिले नाहीत, आणि मागच्या गाडीसाठी लाईन मोकळी. एकेरी मार्गावर पुढच्या सगळ्या गाड्यांचा जीव त्या एका खुणेवर असतो. गार्डला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात. ब्रेक व्हॅनच्या कठड्याशी उभे राहून त्यांनी झेंडा दाखवला, इकडून झेंडा दाखवला गेला, आणि गाडी निवसरच्या दिशेने वळणाआड गेली. दिवसातून कितीतरी वेळा घडणारी ही गोष्ट. तिचे फोटो मात्र शोधू गेलात तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

दुपारी मांडवी आली. तिच्या खाण्याची ख्याती सगळ्या कोकणात आहे, तेव्हा दारातून वडे-कटलेटचे ट्रे घेऊन उतरणाऱ्या मुलांचे फोटो घेतल्याशिवाय मला राहवले नाही. त्यानंतर मी पानवलच्या पुलाकडे निघालो.

कोकण रेल्वेवर गाडीचा लांबचा, मोकळा फोटो मिळणे अवघड का, याचे उत्तर तिच्या बांधणीत आहे. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले तेव्हा हा मार्ग वेगवान गाड्यांसाठी आखला गेला. चढ दीडशेला एक यापेक्षा जास्त नको आणि वळणाची त्रिज्या साडेबाराशे मीटरपेक्षा कमी नको, असा दंडक ठेवला. सह्याद्रीतून उतरणारे ओहोळ, खाड्या, जांभ्याचे सडे अशा मुलखात हा दंडक पाळायचा तर डोंगर चढून ओलांडता येत नाही, तो आरपार फोडावा लागतो. दरीत उतरता येत नाही, ती पुलाने पार करावी लागते. म्हणून या मार्गावर ९१ बोगदे आहेत आणि त्यांची एकूण लांबी ८४ किलोमीटरच्या आसपास भरते. सर्वांत लांब करबुड्याचा, साडेसहा किलोमीटरचा. तो उक्षी आणि भोके यांच्या मध्ये, म्हणजे आमच्या अगदी शेजारी. रत्नागिरीच्या दक्षिणेला टिक्याचा बोगदा आहे, तोही चार किलोमीटरवर भरतो. गाडी बोगद्यात नसेल तर जांभ्याच्या खोल कटिंगमध्ये असते. ती उघड्यावर येते ती पुलावर.

पानवलचा पूल ४२४ मीटर लांब आणि ६४ मीटर उंच. त्याचा वरचा भाग खालून परांच्या लावून बांधलेला नाही, एवढ्या खोल दरीत ते शक्यच नव्हते. एका टोकाला काँक्रीटचा तुकडा ओतायचा, तो जॅकने पुढे ढकलायचा, मागे पुढचा तुकडा ओतायचा, पुन्हा ढकलायचे. असा सगळा पूल खांबांच्या डोक्यांवरून सरकत सरकत पलीकडे गेला. भारतातल्या रेल्वेच्या पुलासाठी ही पद्धत तेव्हा नवीन होती.

दरीच्या तळातून वर पाहिले की खांबच दिसतात, गाडी आधी ऐकू येते. आणि हे ऐकू येणे आता बदलले आहे. २० जून २०२२ रोजी कोकण रेल्वेचे संपूर्ण विद्युतीकरण राष्ट्राला अर्पण झाले. त्यापूर्वी जुन्या धाटणीच्या डिझेल इंजिनाची धडधड बोगद्यात शिरण्याआधीपासून वाडीत ऐकू यायची, धुराचा लोट पुलावर मागे रेंगाळायचा. आता विजेचे इंजिन हलक्या आवाजात येते, आणि पुलावर खांब आणि तारा उभ्या आहेत. हवा स्वच्छ झाली, डिझेलचा खर्च वाचला, हे चांगलेच झाले. पण ज्या काळात डिझेल इंजिने इथे धावत होती त्या काळातले किती फोटो आपल्याजवळ आहेत? निळे डबे गेले, लाल एलएचबी डबे आले. निळ्या डब्यांच्या मांडवीचा फोटो किती घरांत निघेल? रोज दिसते म्हणून आपण जपले नाही.

संध्याकाळच्या उन्हात मी वाट पाहत होतो नेत्रावतीची, पण आधी आली ती एक लांबलचक कंटेनरची मालगाडी. निळे, तांबडे, हिरवे, करडे डबे त्या उंचीवरून संथपणे सरकत गेले आणि खाली शेतात काम करणाऱ्या एका आजींनी कमरेवर हात ठेवून ती शेवटच्या डब्यापर्यंत पाहिली. त्या दिवसाचा माझा सर्वांत चांगला फोटो तो आहे. वर गाडी, खाली आजी. त्यांना विचारूनच तो काढला, आणि त्यांची प्रत त्यांच्या घरी पोचवली.

आता दोन गोष्टी कळकळीने सांगायच्या आहेत. पहिली तरुण मित्रांना. रुळांवर, पुलावर, बोगद्याच्या तोंडाशी फोटोसाठी जाऊ नका. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वर २५ हजार व्होल्टची तार आहे. उभ्या वाघिणीवर चढून किंवा लांब सेल्फी काठी वर करून फोटो काढणाऱ्याला तारेला हात लावावाही लागत नाही, नुसते जवळ गेले तरी वीज झेप घेते. आणि गाडी आता पूर्वीसारखी दुरून ऐकू येत नाही.

ट्रॅकमनचे फोटो काढा, पण त्यांच्या कामात अडथळा न आणता. २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि २००४ मध्ये करंजाडीजवळ पावसात अपघात झाले, माणसे गेली. त्यानंतर कटिंगांवर जाळ्या बसल्या, पावसाळ्यात वेगळे वेळापत्रक आणि कमी वेग आला. आणि भर पावसात रात्री कंदील-बॅटरी घेऊन दरडींवर नजर ठेवत चालणारी माणसे त्या मार्गावर असतात. त्यांच्यापैकी कोणाचा चांगला फोटो आपल्या जिल्ह्यात कुठे लावलेला मी पाहिलेला नाही.

दुसरी गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांना. मुंबई ते ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. कोकणच्या संपूर्ण मार्गावरून गाडी जायला २६ जानेवारी १९९८ उजाडला. मधल्या एवढ्या वर्षांत आपली माणसे बोटीने गेली, एसटीने गेली, आणि शेवटी रेल्वे आली तेव्हा पहिली गाडी बघायला गावेच्या गावे रुळांकडे लोटली. त्या दिवसांत कोणीतरी रीळ भरलेला कॅमेरा घेऊन आलेले असणारच. ते फोटो आज ट्रंकेत, माळ्यावर, अल्बमच्या चिकटलेल्या पानांत पडून आहेत. आपल्या हवेत त्यांना बुरशी लागायला दोन पावसाळे पुरतात.

ते बाहेर काढा. मागच्या बाजूला पेन्सिलीने गाव, तारीख, गाडी आणि फोटोत दिसणाऱ्या माणसांची नावे लिहा. मोबाईलवर त्याची एक प्रत करून ठेवा. आणि पुढच्या वेळी क्रॉसिंगला तुमची गाडी थांबेल तेव्हा शेजारच्या लाईनवरच्या मालगाडीचा एक फोटो घ्या, आणि त्याच दिवशी त्याखाली स्टेशनचे नाव लिहून ठेवा.