जागा, वापर आणि परवानगी
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



वर्धापनदिनाला महापालिकेचे नियम कशाला, असे काहींना वाटेल. पण समितीपुढे सध्या दोन सूचना आहेत. एक, सभागृहात रात्री अभ्यासिका चालवावी. दुसरी, सभागृह लग्नकार्याला भाड्याने द्यावे, म्हणजे वर्गणीसाठी दारोदार फिरावे लागणार नाही. दोन्हींमागची तळमळ खरी आहे. म्हणूनच बोलतो.

विनयपिटकात पाहा. भिक्खूला स्वतःसाठी कुटी बांधायची तर जागा आधी संघाला दाखवून पसंत करून घ्यावी लागे. कुटीचे माप ठरलेले, बारा वीत लांब, सात वीत रुंद. जागेवर जीवजंतूंना धोका नको आणि भोवती जुंपलेली बैलगाडी फिरेल एवढी मोकळीक हवी. आजचे इंजिनिअर त्यालाच सामासिक अंतर म्हणतात! कौशांबीला छन्न भिक्खूने विहाराच्या जागेसाठी लोकांच्या श्रद्धेचे झाड तोडले. लोक चिडले, आणि मोठ्या विहारालाही तोच नियम लागू झाला. धर्मकार्य आहे म्हणून सूट मिळाली नाही.

आता आपल्याकडचे. १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा आहे. विकास आराखड्यात कुठे रहिवासी विभाग, कुठे औद्योगिक, हे रंगाने दाखवतात. पण रहिवासी म्हणजे नुसती घरे नव्हेत. काही वापर सरळ चालतात, काही अजिबात नाहीत, आणि मधले काही अटींवर. पिठाची गिरणी घ्या. गल्लीत गिरणी हवीच, पण तळमजल्यावर, मोटरच्या ताकदीला मर्यादा, शेजाऱ्याला त्रास नको आणि अधिकाऱ्याची लेखी परवानगी, असा तो प्रकार. आज हे नियम २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत आहेत. अमेरिकेत अशा परवानगीआधी शेजाऱ्यांना नोटीस देऊन सुनावणी घेतात. न्यूयॉर्कने शहरभराचे असे नियम १९१६ साली केले. त्याच वर्षापर्यंत बाबासाहेब तिथे कोलंबिया विद्यापीठात शिकत होते.

कलम ४३ म्हणते, जागेचा वापर बदलायचा तर लेखी परवानगी हवी. कलम ४४ खाली अर्ज. कलम ४५ खाली परवानगी मिळते, अटींसह मिळते किंवा नाकारली जाते. नाकारली तर कलम ४७ प्रमाणे शासनाकडे अपील आहे. साठ दिवसांत उत्तर आले नाही की परवानगी मिळालीच, असे एजंट सांगतात. अर्धे खरे आहे. प्रस्ताव नियमात बसत असेल तरच ते लागू.

भोसरीकडे आपल्या कितीतरी पोरांनी कंपनी सुटल्यावर घराच्या खालच्या खोलीत लेथ टाकली. पोटासाठीच टाकली. आमच्या गल्लीतल्या एकाने सारी जमापुंजी घातली. टॅक्स भरतो, शॉप अ‍ॅक्टचे लायसन आहे, वीज मीटर आहे, मग कोण काय करणार, म्हणायचा. शेजाऱ्यांनी तक्रार केली, नोटीस आली, मशीन मिळेल त्या भावात विकावी लागली. टॅक्सची पावती म्हणजे वापराची परवानगी नव्हे, हे त्याला कोणी आधी सांगितलेच नव्हते. आम्हीसुद्धा नाही.

कुठे अर्ज करायचा, हाही घोळ आहे. एमआयडीसीच्या भूखंडांचे एमआयडीसी पाहते. चाकणच्या आसपासच्या बऱ्याच गावांत २०१५ पासून पीएमआरडीए आहे, तिथे नुसता ग्रामपंचायतीचा दाखला पुरत नाही. १९७२ साली झालेले नवनगर विकास प्राधिकरण २०२१ ला विसर्जित झाले. त्याचे भूखंड भाडेपट्ट्यावर दिलेले. पट्ट्यात कोणता वापर लिहिलाय, ते वेगळे पाहावे लागते.

तर आपल्या दोन सूचना. वाचन-अभ्यासाचा वापर रहिवासी भागात सहसा बसतो. त्यासाठी मंजूर नकाशा काढा. प्रत आपल्याकडे नसेल तर माहिती अधिकारात मागा. मंगल कार्यालय मात्र वेगळा वापर. त्याला रस्त्याची रुंदी, पार्किंग, अग्निशमन सगळे पाहतात. आपला रस्ता किती रुंद आहे, ते तुम्ही रोज बघता. शिवाय रात्री दहानंतर स्पीकर बंद. माझे मत म्हणाल तर अभ्यासिकेचा अर्ज या महिन्यातच टाका, लग्नाचे भाडे सोडून द्या. वर्गणीला मीही फिरेन.

नमो बुद्धाय! जयभीम!