छोट्या आगगाडीची वायरिंग



पीण्याच्या शेडमध्ये यंत्रांसोबत हयात घालविलेल्या आम्हांस खेळातल्या आगगाडीविषयी बोलण्यात संकोच वाटत नाही. पुण्यास कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ साली सुरू झाले. सुटीत तिकडे गेलेली आपली मुले ते पाहून येतात आणि घरी रूळ मांडू लागतात.

जुन्या पद्धतीत रुळांतील व्होल्टेज वाढविले की त्यांवरील सारी इंजिने एकदम धावत. म्हणून रुळांचे तुकडे पाडून प्रत्येकास निराळे बटण द्यावे लागे. डिजिटल पद्धतीत पूर्ण व्होल्टेज सदैव रुळांवर असते. त्याची दिशा क्षणोक्षणी उलटते आणि त्या उलटण्यातच आज्ञा दडलेली असते. ५८ मायक्रोसेकंदांनी उलटले तर एक, १०० नी उलटले तर शून्य! आपल्या क्रमांकाची आज्ञा तेवढी इंजिन पाळते.

तथापि ‘दोन तारा जोडल्या की झाले’ हे अर्धसत्य होय. १५ व्होल्ट व ५ अँपिअर म्हणजे ७५ वॅट. २५ वॅटची तीन सोल्डरिंग आयर्न एकाच जागी टेकविल्यासारखे. डबा घसरून शॉर्ट झाला आणि तारा बारीक असल्या, तर प्रवाह मर्यादेपर्यंत चढत नाही, संरक्षक यंत्रणा पुरवठा तोडत नाही, आणि डबा वितळू लागतो. म्हणून फळीखालून जाड तार न्यावी, रुळाच्या प्रत्येक तुकड्यास तिच्यापासून जोड द्यावा. सांध्यांच्या पट्ट्यांवर विसंबू नये. मग जागोजागी दोन्ही रुळांवर नाणे आडवे ठेवावे. पुरवठा तत्क्षणी तुटला नाही, तर तेथे गाडी सोडू नये. हे नाणे मुलांच्याच हातून ठेववावे.