ज्यांची केवळ संख्या उरली
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



युद्धात कामी आलेल्या वीरांचे स्मरण करण्याची प्रथा सर्व देशांत आहे. दिल्लीच्या इंडिया गेटसमोर उभा राहणारा प्रत्येक भारतीय नतमस्तक होतो. तथापि त्या कमानीवर कोरलेली तेरा हजारांहून अधिक नावे मुख्यत्वे पहिल्या महायुद्धातील व तिसऱ्या अफगाण युद्धातील सैनिकांची आहेत, हे पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. १९२१ मध्ये तिची कोनशिला बसली आणि १९३१ मध्ये ती पूर्ण झाली. स्वतंत्र भारताच्या हुतात्म्यांसाठी १९७२ मध्ये तेथे अमर जवान ज्योती प्रज्वलित झाली व जानेवारी २०२२ मध्ये ती जवळच्याच राष्ट्रीय युद्ध स्मारकातील ज्योतीत विलीन करण्यात आली. पहिल्या महायुद्धात सुमारे ७४ हजार भारतीय सैनिक मृत्यू पावले असे मानले जाते. कमानीवर तेरा हजार नावे आणि मृत ७४ हजार! उरलेल्यांचा हिशेब कोठे लागतो, हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

हा हिशेब समजून घेण्यासाठी इराकमधील कुत-अल-अमारा या गावाकडे वळावे लागते. तैग्रिस नदीच्या वळणात वसलेल्या या गावाचा महाराष्ट्राशी संबंध आहे, कारण तेथे अडकलेल्या फौजेचे नावच मुळी सहावी पुणे डिव्हिजन असे होते. तीत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या भागांतील शेतकऱ्यांची मुले महिना अकरा रुपये पगारावर त्या पलटणींत भरती होत. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एकाच गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, ही नोंद प्रसिद्ध आहे. त्या गावाला आज लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात.

ही मुले तेथे कशासाठी गेली? नोव्हेंबर १९१४ मध्ये फौज फाव येथे उतरली, ती इराणच्या आखातातील तेलाचे रक्षण करण्यासाठी. बसरा महिनाभरात हाती आले आणि मूळ काम तेथेच संपले होते. परंतु यशाची चटक लागली. नदीच्या काठाने आणखी वर, आणखी वर असे करीत बगदादचा मोह अनावर झाला. अन्नधान्य, बोटी, औषधे यांची तरतूद मात्र बसऱ्यापुरतीच होती. व्यापारात भांडवल न पाहता पसारा वाढविणाऱ्याचे दिवाळे निघते. येथे निर्णय घेणारे निराळे होते आणि किंमत मोजणारे निराळे.

नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोन येथे मोठी लढाई झाली व साडेचार हजारांच्या आसपास माणसे मेली वा जखमी झाली. जखमींना वाहून नेण्यासाठी रुग्णवाहिका नव्हत्या. स्प्रिंग नसलेल्या सामानाच्या गाड्यांवर मोडलेल्या हाडांची माणसे मैलोन्‌मैल आदळत नेण्यात आली. नंतर त्यांना बोटींत दाटीवाटीने भरून बसऱ्याला पाठविले. मेजर कार्टर नावाच्या लष्करी डॉक्टराने ती बोट धक्क्याला लागताना पाहिली. कित्येक दिवस न सोडलेल्या मलमपट्ट्या, आमांशाने ग्रासलेले, आपल्याच घाणीत पडून राहिलेले रुग्ण हे सर्व त्याने कागदावर उतरविले. याबद्दल वरिष्ठांनी त्याला शाबासकी दिली नाही, अटकेची धमकी दिली! पुढे चौकशी आयोगासमोर त्याचीच साक्ष महत्त्वाची ठरली. १९१७ साली आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाल्यावर भारतमंत्री चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

टेसिफोनहून माघार घेतलेली फौज जनरल टाउनशेंड यांच्या नेतृत्वाखाली कुत येथे थांबली आणि ७ डिसेंबर १९१५ रोजी तुर्कांनी तिला वेढले. गावात सुमारे सहा हजार रहिवासीही होते. त्यांचे हे युद्ध नव्हते, पण उपासमार त्यांच्याही वाट्याला आली. धान्य सरत चालले तसे तोफखान्याचे व रिसाल्याचे घोडे मारून त्यांचे मांस शिधा म्हणून देण्यात येऊ लागले. गोऱ्या शिपायांनी ते खाल्ले. बहुसंख्य हिंदी शिपायांनी, हिंदूंनी तसेच मुसलमानांनी, त्याला हात लावण्याचे नाकारले. आपला धर्म बुडेल, गावी परतल्यावर जातभाई पंक्तीला बसू देणार नाहीत, मुलांना सोयरीक मिळणार नाही, ही भीती त्यांना तुर्कांच्या गोळ्यांपेक्षा मोठी वाटत होती. हिंदुस्थानातील धर्मगुरूंकडून 'आपत्काळी दोष नाही' असे अभिप्राय बिनतारी संदेशाने मागविण्यात आले, तरीही पुष्कळजण बधले नाहीत. ते रानातला पाला खुडून आणीत आणि त्याची भाजी करीत. त्यातली काही पाने विषारी निघत. हिरड्या सुजून रक्त येणारा स्कर्व्हीचा विकार हिंदी पलटणींत झपाट्याने पसरला. एप्रिलमध्ये कित्येकांनी अखेर मांस तोंडात घातले. शेवटच्या दिवसांत माणशी पीठ चार औंसांवर, म्हणजे आजच्या मापाने सव्वाशे ग्रॅमहूनही खाली आले होते.

आहारातील संयम हा ज्यांच्या कुळाचार आहे अशा या सभागृहातील श्रोत्यांना त्या शिपायांची घालमेल अधिक सांगण्याची गरज नाही. ताटात अन्न असताना केलेला त्याग आणि वेढ्यात, अशक्त हातांत बंदूक धरून केलेला त्याग यांत अंतर आहे. म्हणूनच ज्यांनी अखेरीस मांस खाल्ले त्यांच्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही.

वेढा फोडण्यासाठी बाहेरून वारंवार हल्ले झाले. त्यासाठी फ्रान्सच्या रणांगणावरून आणलेल्या हिंदी डिव्हिजनही होत्या. चिखल, पूर आणि थंडी यांत त्या मदतफौजेचे सुमारे २३ हजार लोक मृत वा जखमी झाले. विमानातून पिठाची पोती टाकण्याचा तोवर जगात फारसा कोणी न केलेला प्रयोग झाला, परंतु काही पोती नदीत, तर काही तुर्कांच्या खंदकात पडली. शिधा भरलेले 'जुलनार' जहाज एप्रिलच्या अखेरीस पाठविले, ते वाटेत अडकून शत्रूच्या हाती गेले. शेवटी फौजेची सुटका व्हावी म्हणून तुर्की सेनापती खलील पाशा यांना प्रथम दहा लाख व मग वीस लाख पौंड देऊ करण्यात आले. ते त्यांनी नाकारले. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसे शरण गेली. त्यांत तीन हजारांवर लोक स्वयंपाकी, भिस्ती, खेचरवाले असे सेवक होते.

उपाशी आतड्यांना तुर्की लष्कराची कडक बिस्किटे सोसली नाहीत आणि पहिल्या काही दिवसांतच अनेकजण दगावले. उरलेल्यांना मे-जूनच्या उन्हात वाळवंटातून मोसुलमार्गे चालविण्यात आले. पायांतील बूट विकून भाकरी घ्यावी, अशी स्थिती होती. जगलेले हिंदी शिपाई रास-अल-ऐन येथे रेल्वेच्या कामावर राबले. बंदिवासात सुमारे अडीच हजार हिंदी शिपाई मृत्युमुखी पडले, तर गोऱ्या शिपायांपैकी निम्म्याहून बरेच अधिक मेले. जनरल टाउनशेंड मात्र इस्तंबूलजवळच्या एका रम्य बेटावर सन्मानाने राहत होते, आणि त्याच काळात त्यांना 'सर' हा किताबही मिळाला. तुर्कांची हानीही थोडी नव्हती. अनातोलियाच्या खेड्यांतही तितक्याच माता होत्या, हे विसरून चालणार नाही.

पैशाचा हिशेबही पाहू. १९१७ मध्ये या गरीब देशाकडून दहा कोटी पौंड, तेव्हाच्या दराने दीडशे कोटी रुपये, युद्धखर्चासाठी 'देणगी' म्हणून घेण्यात आले. युद्धकाळात मँचेस्टरच्या कापडाची आवक घटली, कापड कडाडले आणि धोतर-लुगडे ही सामान्य माणसाला चैन वाटू लागली. १९१८ मध्ये काही प्रांतांत कापडाची दुकाने लुटली गेली. कापड बाजाराच्या इतिहासात त्या सालाला तेजीचे साल म्हणतात. ती तेजी कशाच्या बळावर आली होती, हेही त्याच पानावर लिहिले जावे.

युद्ध आणि हिंसा यांचा विचार आपल्या शास्त्रांनी डोळे मिटून केलेला नाही. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे चार प्रकार सांगून, स्वसंरक्षणार्थ घडणारी विरोधी हिंसा गृहस्थाला पूर्णतः टाळता येत नाही, हे मान्य केले आहे. श्रवणबेळगोळची भव्य मूर्ती घडविणारे चामुंडराय स्वतः सेनापती होते. म्हणून सीमेवर उभ्या असलेल्या जवानाला अहिंसेचा उपदेश करण्याचा आगाऊपणा कोणी करू नये. परंतु कुतचा शिपाई कोणाचे रक्षण करीत होता? त्याच्या गावावर कोणी चालून आले नव्हते. भरत आणि बाहुबली यांच्या सेना समोरासमोर आल्या तेव्हा मंत्र्यांनी सुचविले की वाद दोघा भावांचा आहे, तर दोघांनीच दृष्टियुद्ध, जलयुद्ध व मल्लयुद्ध करावे, सैनिकांनी का मरावे? बगदादचा निर्णय करणाऱ्यांच्या सभेत असा मंत्री नव्हता.

आता राहिला नावांचा प्रश्न. फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेल येथे १९२७ साली उभारलेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे कोरली आहेत. मेसोपोटेमियात मृत्यू पावलेल्या व कबर अज्ञात असलेल्या ४० हजारांहून अधिक सैनिकांसाठी १९२९ मध्ये बसऱ्याला स्मारक झाले. तेथे गोऱ्या सैनिकांची नावे लिहिली, हिंदी सुभेदार-जमादारांचीही लिहिली, पण हिंदी शिपायांची लिहिली नाहीत. पलटणीचे नाव, त्याखाली अधिकारी आणि मग 'इतर इतके हिंदी शिपाई' असा आकडा! युरोपात मेला तर नाव आणि इराकात मेला तर संख्या, असा हा न्याय होता. १९९७ साली ते स्मारक मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर, वाळवंटात पुन्हा उभे करण्यात आले. एप्रिल २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने आपल्या अहवालात कबूल केले की सुमारे ४५ ते ५४ हजार मृतांचे, प्रामुख्याने भारत व आफ्रिकेतील सैनिकांचे, स्मरण समान रीतीने झाले नाही, आणि त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. युद्ध संपून तेव्हा १०२ वर्षे झाली होती.

अपशिंग्याच्या स्मारकापाशी आजही गावचे माजी सैनिक जमतात. बसऱ्याच्या वाळवंटातल्या त्या भिंतींपाशी मराठा पलटणींच्या नावाखाली आकडेच आहेत.