तहकूब ग्रामसभा



ग्रामसभेची दवंडी पिटली जाते, सूचना फलकावर लागते आणि ठरलेल्या वेळी पंचायतीसमोर वीस-पंचवीस माणसं जमतात. गणपूर्तीला लागतात एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं. ती नसली की सभा तहकूब! मग तीच सभा पुन्हा भरते आणि या खेपेला गणपूर्तीची अटच नसते. दहा हात वर झाले, तरी ठराव साऱ्या गावाचा. घरी राहून आपण नापसंती दाखवली असं अनेकांना वाटतं. इतिवृत्तात मात्र त्या नापसंतीची एक ओळही येत नाही.

म्हणून तहकुबीची वाट न पाहता पहिल्याच सभेला जा, असं मी कळकळीनं सांगतो. त्यातही आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे गेल्या वर्षाचा जमाखर्च, कारभाराचा अहवाल, पुढची कामं आणि लेखापरीक्षणाची टिपणी, तिच्या उत्तरांसह, ठेवावीच लागते. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यातच तसं आहे. ही टिपणी मागून घ्या. सरपंचावर आवाज चढवण्यापेक्षा, कोणत्या खर्चावर आक्षेप निघाला आणि त्याचं पुढं काय झालं, एवढं शांतपणे विचारलेलं जास्त लागू पडतं.

असं विचारायचं तर आधी समजून घ्यायला हवं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गोंड आदिवासींच्या गावानं आधी अभ्यासगट चालवला. कायदा, जंगल, सरकारी योजना, सगळं लोक बसून समजून घेत. निर्णय बहुमतानं नाही, सर्वांच्या संमतीनं. एकाला जरी पटलं नाही, तरी बोलणं चालू राहतं. वेळ लागतो, हे खरं. पण याच गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभा स्वतः देऊ लागली. पैशाचा हिशेब गावासमोर होऊ लागला, तो एकत्र बसून समजून घेण्याच्या या सवयीमुळेच.

आणखी एक. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. भर दुपारी, बाया खुरपणीला गेलेल्या असताना ती उरकली, तर पाणी, रेशन, दारू हे विषय मोठ्या सभेपर्यंत पोचणार कसे? बायांना सोयीची वेळ ठरवा, असा अर्ज पंचायतीत द्या आणि त्याची पोच घ्या.