परमुलखांतील कोरियन वस्त्या

कोणत्याही मोठ्या शहरांत परदेशी लोकांची वस्ती झाली, म्हणजे पाहुण्याचें लक्ष प्रथम तेथील खाणावळींकडे जातें. कोरियन वस्त्यांचेंही तसेंच आहे. जपानांतील ओसाका, उझबेकिस्तानची राजधानी ताश्कंद, किंवा अमेरिकेंतील लॉस एंजेलिस, यांपैकीं कोठेंही गेलें तरी मिरची-लसणाचा उग्र वास आधीं सांगतो कीं, येथें कोरियन लोक आहेत. वास सारखाच, परंतु तिन्ही ठिकाणच्या लोकांच्या वांट्याला आलेलें जिणें मात्र एकमेकांपासून फार निराळें. एकाच देशांतून एकच भाषा बोलत निघालेलीं माणसें निरनिराळ्या दरवाज्यांनीं निरनिराळ्या राज्यांत शिरलीं, आणि ज्या दरवाज्यानें तीं शिरलीं, त्यानेंच बहुतांशीं त्यांच्या वस्तीचें भवितव्य ठरविलें.

आधीं ओसाका पाहूं. १९१० सालीं जपाननें कोरिया खालसा केला आणि तेथील लोक जपानी सम्राटाचे प्रजाजन ठरले. कोरियाच्या दक्षिणेस जेजू नांवाचें बेट आहे. १९२३ च्या सुमारास तेथून थेट ओसाकास जाणारी ‘किमिगायो-मारू’ ही आगबोट सुरू झाली, आणि बेटावरील तरुण स्त्रीपुरुष कारखान्यांतील मजुरीसाठीं गर्दीनें येऊं लागले. कोरियन भाडेकरूस जागा देण्यास जपानी घरमालक नाखूष असत. त्यामुळें शहराच्या पूर्वेकडील सखल आणि स्वस्त भागांत ही मंडळी दाटीवाटीनें राहूं लागली. त्या भागाचें नांव इकाइनो, म्हणजे डुकरें पाळणारांचें रान.

१९४५ सालीं युद्ध संपलें, तेव्हां जपानांत सुमारें वीस लाख कोरियन होते. बहुतेक मायदेशीं परतले. सुमारें सहा लाख मागें राहिले. राहिलेल्यांनीं हातीं घेतलेलें पहिलें मोठें काम म्हणजे शाळा. पारतंत्र्यांत मुलांची मातृभाषा सुटली होती, ती त्यांना पुन्हां शिकवावयाची होती. १९४८ सालीं, जपान अमेरिकन लष्कराच्या ताब्यांत असतां, या शाळा बंद करण्याचे हुकूम निघाले. ओसाकांत निदर्शनें झालीं आणि पोलिसांच्या गोळीनें १६ वर्षांचा एक मुलगा ठार झाला. पुढें १९५२ सालीं सान फ्रान्सिस्कोचा तह अमलांत येतांच सर्व कोरियनांचें जपानी नागरिकत्व गेलें. ज्यांना एकदां बळेंच प्रजा करून घेतलें होतें, तेच आतां घरांत बसल्या जागीं परके ठरले. १९८२ पर्यंत राष्ट्रीय निवृत्तिवेतनाच्या योजनेंत त्यांना प्रवेश नव्हता. कायम रहिवासाचा हक्क असलेल्यांनाही १९९३ पर्यंत नोंदणीच्या वेळीं बोटांचे ठसे द्यावे लागत. ज्यांनीं जपानी नागरिकत्व घेतलेलें नाहीं, त्यांचीं नातवंडें-पतवंडें जपानांतच जन्मलीं तरी त्यांना अद्याप मतदानाचा हक्क नाहीं.

इकाइनो हें नांवही १९७३ सालीं नकाशावरून पुसण्यांत आलें. त्या नांवाच्या भागांत घर असणें कमीपणाचें मानीत, हें त्यामागील एक कारण. तेथेंच वावरलेला कवि किम शिजोंग यानें १९७८ सालीं आपल्या काव्यसंग्रहास तेंच पुसलेलें नांव दिलें. आज त्या इकुनो विभागांत सुमारें पांचवा हिस्सा रहिवासी परदेशी नागरिक असून त्यांत कोरियन सर्वांत अधिक आहेत. ज्या गल्लीचें नांव सांगावयास लोक पूर्वीं लाजत, तेथें आतां जपानी तरुणी किमची आणि प्रसाधनें घेण्यासाठीं रांगा लावतात.

दुसरा दरवाजा रशियाचा. १८६० नंतरच्या दशकांत दुष्काळानें गांजलेले कोरियन शेतकरी सीमेवरची नदी ओलांडून रशियाच्या अतिपूर्व प्रांतांत जाऊं लागले. व्लादिवोस्तोक बंदरांत त्यांची वस्ती झाली. १९११ सालीं पटकीच्या सांथीचें निमित्त करून अधिकाऱ्यांनीं ती शहराच्या मध्यभागांतून हलविली. नव्या जागेस लोकांनीं ‘सिन्हानचोन’, म्हणजे नवें कोरियन गांव, असें नांव दिलें. तेथें शाळा आणि वृत्तपत्रें चालत, आणि जपानविरुद्ध स्वातंत्र्याची चळवळ करणाऱ्या पुढाऱ्यांस आश्रय मिळे. याच रागानें १९२० च्या एप्रिलांत जपानी सैनिकांनीं या वस्तीवर हल्ला करून कत्तल केली.

दैवाची थट्टा पुढें आहे. १९३७ च्या ऑगस्टांत स्टालिनच्या सरकारनें हुकूम काढला कीं, जपानी हेरगिरीस आळा घालण्यासाठीं सीमाप्रांतांतील सर्व कोरियनांस मध्य आशियांत हलवावें. ज्यांचीं घरें जपान्यांनीं जाळलीं होतीं, त्यांच्यावरच जपानचे हेर म्हणून शंका! सुमारें १,७२,००० माणसें आगगाड्यांत भरून कझाकस्तान आणि उझबेकिस्तान येथें नेऊन सोडण्यांत आलीं. वाटेंत आणि पहिल्या हिंवाळ्यांत पुष्कळ लहान मुलें आणि वृद्ध दगावले. पुढल्याच वर्षीं कोरियन भाषेंतून शिकविणाऱ्या शाळा रशियन करण्यांत आल्या. सिन्हानचोन ओस पडलें. आज तेथें १९९९ सालीं उभारलेलें स्मारक तेवढें आहे.

परंतु माणसें चिवट होतीं. सामुदायिक शेतीवर त्यांनीं भात पिकविला. किमचीसाठीं लागणारी कोबी मिळेना, तेव्हां गाजराचा कीस करून त्यालाच मिरची, लसूण आणि धने लावले. हा गाजराचा पदार्थ पुढें साऱ्या सोव्हिएट देशांत ‘कोरियन कोशिंबीर’ म्हणून लोकप्रिय झाला. खुद्द कोरियांत मात्र तो कोणास ठाऊक नव्हता. ताश्कंदच्या कुइल्युक बाजारांत कोरियन स्त्रिया आजही तो विकतात. विकणारी बाई कोरियन, तोंडीं रशियन भाषा आणि गिऱ्हाईक उझबेक, असा तेथील नित्याचा देखावा आहे.

तिसरा दरवाजा अमेरिकेचा, आणि तो कायद्यानें उघडलेला. १९६५ सालीं अमेरिकेनें वंशावर आधारलेली प्रवेशाची जुनी पद्धति मोडली. त्यानंतर आलेल्या कोरियनांत शिकलेलीं माणसें पुष्कळ होतीं. परंतु त्यांच्या पदव्यांस तेथें मोल नव्हतें आणि इंग्रजी कच्चें होतें. म्हणून त्यांनीं दुकानें धरलीं. पेढी कर्ज देईना, तेव्हां आपल्याकडील भिशीसारखी ‘ग्ये’ नांवाची त्यांची जुनी रीति उपयोगीं पडली: दहावीस जणांनीं दरमहा ठराविक रक्कम टाकावी आणि पाळीपाळीनें एकेकानें ती उचलावी. लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिक रस्त्यावर १९७१ सालीं ही डुक ली या गृहस्थानें किराणा-भाजीचा मोठा बाजार काढला. त्याच्याभोंवतीं पेठ वाढली, आणि १९८० सालीं शहरानें तिला ‘कोरियाटाउन’ म्हणून मान्यता दिली.

येथें सर्व कांहीं सुरळीत झालें असें वाटावें. तसें झालें नाहीं. पुष्कळ कोरियनांचीं दुकानें गरीब कृष्णवर्णीयांच्या वस्तींत होतीं आणि घरें दूर होतीं. दिवसभर गल्ला मोजावा आणि सायंकाळीं निघून जावें, अशा दुकानदाराचा शेजार जमत नाहीं. १९९१ सालीं संत्र्याच्या रसाच्या एका बाटलीवरून भांडण होऊन एका कोरियन दुकानदारिणीनें १५ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीस गोळी घातली, आणि न्यायालयानें तिला दोषी ठरवूनही तुरुंगवास दिला नाहीं. पुढें २९ एप्रिल १९९२ रोजीं रॉडनी किंग या कृष्णवर्णीयास मारहाण केल्याच्या खटल्यांतून चार पोलिस सुटतांच दंगल उसळली. पन्नासांहून अधिक माणसें मेलीं. कोरियन मालकीचीं दोन हजारांहून अधिक दुकानें लुटलीं अथवा जाळलीं गेलीं. पोलिसांची मदत वेळेवर येईना, तेव्हां लोक कोरियन नभोवाणीवरून एकमेकांस हांका मारूं लागले. ती हांक ऐकून धांवलेला १८ वर्षांचा एक कोरियन तरुण, लुटारू समजून आपल्याच लोकांच्या गोळीनें ठार झाला.

त्या राखेंतून तेथील कोरियन एक धडा शिकले. सारी कोरियाटाउन ही एकच पेठ, परंतु नगरसभेच्या मतदारसंघांच्या रेषांनीं तिचे चार तुकडे केले होते. त्यामुळें तिचें गाऱ्हाणें आपलें म्हणून ऐकणारा सभासद नव्हता. दंगलीनंतर तरुण पिढी सार्वजनिक कामांत शिरली. २०१५ सालीं शहराच्या नगरसभेंत पहिला कोरियन सभासद निवडून आला, आणि २०२१ च्या नव्या आंखणींत अखेर ही पेठ एका मतदारसंघांत आली. याच पेठेंत आज सुमारें अर्धे रहिवासी लॅटिन अमेरिकेंतून आलेल्या लोकांच्या वंशाचे आहेत. पाट्या कोरियन, परंतु त्याच खाणावळींच्या मुदपाकखान्यांत राबणारे हात पुष्कळदां मेक्सिकन. त्यांचें सुखदुःख वेगळें मानून त्या पेठेस आतां चालणार नाहीं.

या वस्त्या शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्या, म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. ओसाकाच्या कोरियनांजवळ शेजार होता, पण हक्क नव्हता. व्लादिवोस्तोकच्या पुष्कळ कोरियनांजवळ नागरिकत्वाचा कागद होता, परंतु एका हुकुमानें तो निरुपयोगी झाला. लॉस एंजेलिसच्या कोरियनांजवळ कागदही होता आणि पैसाही होता; शेजार मात्र नव्हता. उद्योग, हक्क आणि शेजार या तीन पायांपैकीं एक जरी तोकडा असला, तरी घर डळमळतें.

जपानच्या राजधानींतील शिन-ओकुबो या भागांत नव्यानें आलेल्या कोरियनांची पेठ आहे. २६ जानेवारी २००१ रोजीं तेथील स्टेशनांत एक मनुष्य रुळांवर पडला. त्याला वांचविण्यासाठीं ली सू-ह्यन हा कोरियन विद्यार्थी आणि एक जपानी छायाचित्रकार यांनीं खालीं उड्या घेतल्या. गाडी आली आणि तिघेही गेले. स्टेशनांत त्या दोघांच्या स्मरणार्थ जपानी आणि कोरियन अशा दोन्ही भाषांत लेख लावलेला आहे. पुढें २०१३ सालीं त्याच स्टेशनाबाहेरच्या रस्त्यांवरून कोरियनांना हांकलून द्या, अशा आरोळ्या ठोकीत मिरवणुकी निघाल्या. आणि त्यांना अडविण्यासाठीं जपानी नागरिकच रस्त्यांत उभे राहिले. २०१६ सालीं जपानच्या संसदेनें अशा द्वेषाच्या भाषेविरुद्ध कायदा केला. त्या कायद्यांत शिक्षेची तरतूद नाहीं; त्याचें बळ आजही रस्त्यांत उभ्या राहणाऱ्या शेजाऱ्यांवरच अवलंबून आहे.